तू नको, मी!

मुलीला चौथं वर्ष लागलं आणि आमच्या सकाळी एकाच वाक्याने भरून गेल्या, 'तू नको, मी!' दात, चपला, शर्टाची बटणं, सगळं 'मी'. तुमच्याही घरी हेच चाललं असणार.

परवा ती फतकल मारून बसली होती. हनुवटी छातीला टेकलेली, जिभेचं टोक बाहेर. बटण काजात अर्धं शिरायचं आणि अंगठा उचलला की निसटायचं. चारदा झालं. व्हॅन यायला सात मिनिटं होती. माझा हात पुढे गेलाच. तिने तो ढकलला नाही, मनगट धरून हळूच बाजूला ठेवला. मला एकदम भरून आलं. रागाने ढकलला असता तर बरं झालं असतं.

'घाईत मदत करावीच लागते,' असं मी म्हणत आले होते. पण रविवारीही माझा हात असाच पुढे जातो. रविवारी कुठली व्हॅन? बटणं लावताना ती माझ्या खांद्यावर हात टेकून उभी राहायची, तिच्या केसांचा वास यायचा. ते मला सोडवत नव्हतं. तिचे बाबा तर भरवायला बसले आणि तिने ताटच ओढून घेतलं, तेव्हा बराच वेळ गप्प होते.

मारिया मोंटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांत कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटी असतात, एकीला बटणं, एकीला नाड्या. मूल चौकट समोर घेऊन तेवढंच करत बसतं. मुलाने स्वतः करावं, हाच विचार आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीच्या खेड्यातल्या मुलांपर्यंत नेला. चौकट का, ते मला मुलीकडे बघून उमगलं. गळ्याजवळचं बटण तिला दिसतच नाही! आता आम्ही खालून सुरुवात करतो. मोठी बटणं, सैल काजं.

पंधरा मिनिटं आधी उठवते आणि तिच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहते. हे मला अजून जड जातं.

काल एक काज चुकलं. कॉलरचं एक टोक वर, एक खाली. तशीच शाळेत गेली. संध्याकाळी आली तेव्हाही शर्ट तसाच होता. तिच्या बाईंनीही हात लावला नव्हता.