पुरःस्थ ग्रंथीची वाढ

मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागाला वेढून, पुरुषाच्या शरीरात अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ ग्रंथी किंवा प्रोस्टेट म्हणतात. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर मात्र ती पुन्हा वाढू लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत, आणि ऐंशी ओलांडलेल्यांपैकी बहुतेकांत ही वाढ आढळते. वृषणांतील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून ग्रंथीत जे अधिक प्रभावी द्रव्य बनते, त्याच्यावाचून ही वाढ होत नाही.

ही वाढ कर्करोग नव्हे. ती ग्रंथीच्या आतल्या भागात, मूत्रमार्गालगत होते. त्यामुळे मार्ग दाबला जातो. लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि तरीही मूत्राशय पूर्ण रिकामे झाल्यासारखे वाटत नाही. वयोमानाने असे व्हायचेच, या समजुतीने किंवा संकोचाने पुष्कळजण हा त्रास वर्षानुवर्षे लपवितात. खरा धोका या मौनात आहे. अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाचे स्नायू प्रथम जाड होतात व पुढे थकतात. लघवी साचून राहते, जंतुसंसर्ग होतो, खडे बनतात, आणि मागे साठलेल्या दाबाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखाद्या दिवशी लघवी अजिबात होईनाशी होते. सर्दीवरची काही साधी औषधेही याला निमित्त ठरतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे नळी घालून मूत्राशय मोकळे करतात.

एकेकाळी अशा रुग्णांपैकी कित्येकांना उरलेले आयुष्य नळीवरच कंठावे लागे आणि जंतुसंसर्गाने अनेकजण दगावत. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये सुमारे २० वर्षे काढलेले आयरिश शल्यविशारद पीटर फ्रेयर यांनी लंडनला परतल्यावर, १९०१ साली, पोटाच्या खालच्या भागातून मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी काढण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत यूजीन फुलर यांनी तशी शस्त्रक्रिया आधीच केली होती. परंतु ती सर्वत्र रूढ होण्यास फ्रेयर यांचे कार्य कारणीभूत झाले. पुढे मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथीचे तुकडे काढणे शक्य झाले. आता लेसर किरणांचाही उपयोग होतो.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. त्रास थोडा असेल तर नियमित तपासणी पुरते. टॅमसुलोसिनसारखे औषध मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल करते व काही दिवसांत गुण येतो. फिनास्टेराइड ग्रंथी हळूहळू आकसविते. त्याचा परिणाम दिसण्यास सहा महिने लागू शकतात आणि काहींची कामेच्छा त्याने कमी होते. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बहुधा बाहेर न पडता मूत्राशयाकडे जाते. त्याने अपाय होत नाही, पण अपत्य हवे असणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे. शस्त्रक्रियेने पुरुषत्व नाहीसे होते, ही भीती मात्र निराधार आहे. बहुतेकांची संभोगक्षमता टिकून राहते.

प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून आरंभी त्याची काहीच लक्षणे नसतात. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी व पीएसए ही रक्तचाचणी यांवरून त्याची शंका घेता येते. निर्णय मात्र ग्रंथीचा सूक्ष्म तुकडा तपासूनच होतो. साध्या वाढीतही पीएसए वाढत असल्यामुळे केवळ आकड्याने घाबरून जाऊ नये. लघवीतून रक्त आल्यास मात्र दिरंगाई करू नये.

ही ग्रंथी वाढणे पुरुषाच्या हाती नाही. परंतु तिच्यामुळे मूत्रपिंडे गमावण्याची वेळ येऊ न देणे बहुधा त्याच्या हाती असते. त्यासाठी पहिले औषध म्हणजे संकोच सोडून वेळीच सांगितलेले चार शब्द.