पैसा कमी पडला की नजर?

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या गावी, खडकवासल्याला, एका चित्रपटाचे चित्रीकरण झाले. चार दिवस धरणाच्या काठावर मोठमोठ्या छत्र्या, प्रकाश परतवणारे पांढरे पत्रे आणि एक धडधडणारा जनरेटर होता. चित्रपट मराठी, शहरी गुन्हेगारीवरचा आणि थोड्या भांडवलातला. माझे धाकटे चुलते तात्या धरणात मासेमारी करतात. त्यांची होडी दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली गेली. साहजिकच चित्रपट लागला तेव्हा मी तात्यांना घेऊन पुण्यात गेलो. येताना बसमध्ये आम्ही दोघेही गप्प होतो.

चित्रपटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तो काढणारी मंडळी आपल्याहून फार मोठी नव्हती आणि त्यांनी कर्ज काढले होते असे ऐकले. शिवाय तिकिटाचे पैसे वाया गेले, एवढेच सांगण्यासाठी वार्षिकाची पाने खर्च करणे बरे नव्हे. प्रश्न असा आहे की हा चित्रपट फसला का? ज्याला विचारावे तो म्हणे, “पैसाच नव्हता हो त्यांच्याकडे.” हे उत्तर कितपत खरे आहे, ते तपासण्याचा हा प्रयत्न.

प्रथम दोष पाहू. नायक स्वारगेटहून खडकवासल्याला निघतो आणि वाटेत त्याची गाडी कात्रजच्या बोगद्यातून जाते! सिंहगड रस्त्याने रोज येणाऱ्या कोणालाही हसू येईल. वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी ही सरळ वाट सोडून गाडी साताऱ्याच्या दिशेला कशाला जाईल? दुसरा दोष रात्रीचा. दिवसा चित्रण करून त्याला निळी छटा द्यायची आणि रात्र म्हणून दाखवायचे, ही युक्ती जुनी आहे. फ्रेंच लोक तिला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात, आणि याच नावाचा फ्रान्स्वा त्रुफोचा चित्रपट 1973 साली आला. युक्ती वाईट नाही. परंतु येथे निळ्या रात्रीत माणसांच्या पायाशी उन्हाच्या काळ्याभोर सावल्या पडलेल्या दिसतात. तिसरा दोष आवाजाचा. उघड्या काठावर वारा सुटलेला दिसतो, पण माणसे बंद खोलीत बोलल्यासारखी बोलतात.

आता यांतील कोणता दोष पैशाचा? योग्य रस्ता दाखवायला चुकीच्या रस्त्यापेक्षा एक रुपयाही जास्त लागला नसता. ढगाळ दिवसाची वाट पाहिली असती तर सावल्या पडल्या नसत्या. आवाजाला पैसे लागतात, हे मान्य. म्हणजे तीनांपैकी दोन दोष न पाहण्याचे आहेत.

पुरावाच हवा असेल तर क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाचा ‘फॉलोइंग’ हा 1998 सालचा पहिला चित्रपट घ्या. तोही शहरी गुन्ह्याचाच. लंडनमधला एक बेकार लेखक अनोळखी माणसांचा पाठलाग करीत सुटतो आणि एका चोराच्या नादी लागतो. खर्च सुमारे 6000 डॉलर. नोकरीधंदा करणारी मित्रमंडळी शनिवार-रविवारी जमत. ओळखीच्यांच्या घरांत, शक्यतो खिडकीच्या उजेडात, कृष्णधवल फितीवर काम चाले. फीत महाग, म्हणून आधी कसून तालमी होत. तेथे गरिबीने शिस्त आणली. कमी साधने असली की प्रत्येक गोष्ट आधी विचार करून करावी लागते, हा तिथला धडा. आपल्याकडे 1998 सालीच आलेल्या राम गोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’मध्येही मोठे नट नव्हते. मुंबईचा पाऊस, चाळी आणि गल्ल्या मात्र खऱ्या वाटल्या, आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला.

ॲरिस्टॉटलने सांगितलेली संभवनीयता आम्ही यंदा वर्गात शिकलो. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना नाटककाराने पत्करावी, असे त्याचे म्हणणे. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो मात्र तात्यांमुळे.

चित्रपटात खुनी एका मुलाचे प्रेत रात्री धरणात टाकतात. सकाळी ते काठाशी तरंगत येते. चेहरा स्वच्छ, केसांचा भांगही जागेवर. एक दारूडा होडीवाला (होडी तात्यांची!) ते ओढून आणतो, दोन विनोद करतो आणि पुढच्या क्षणी पोलीस ठाण्याचे दृश्य सुरू होते.

तात्या पट्टीचे पोहणारे. धरणात कोणी बुडाले की पोलिसांचा निरोप आमच्या घरी येतो. अशी किती माणसे त्यांनी वर काढली, हे ते सांगत नाहीत. बुडालेले माणूस आधी तळाशी जाते आणि वर यायला दिवस लागतात, पाणी गार असेल तर अधिकच, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मला वाटले, तात्या याच चुकीबद्दल बोलतील. नांदेड फाटा आल्यावर ते एवढेच म्हणाले, “त्या पोराला घरचं कुणीच नव्हतं का रं? काठावर कुणीच आलं न्हाई.”

माझ्या यादीत हा दोष नव्हताच. धरणावर एखादा बुडाला की काठावर त्याची आई बसून असते, बाप उभा असतो, चपला तशाच पडलेल्या असतात. तात्या पाण्यात असतात तेव्हा त्यांचीही नजर त्या माणसांकडे असते. चित्रपटातला मुलगा मात्र कथेला एक प्रेत हवे होते म्हणून मेला. त्याची वाट पाहणारे कोणी नाही, म्हणून त्याला मारणाऱ्यांची चीडही आपल्याला येत नाही.

आपल्या पुण्याला तरी हे कोणी शिकवायला नको. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात येथे दहा माणसांचे खून झाले. ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. आरोपी कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी होते, म्हणजे आपल्याच वयाचे. शेवटच्या खुनातले प्रेत त्यांनी शिडीला बांधून, दगड लावून नदीत सोडले. ते वर आले आणि तपासाला धागा मिळाला. एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यास फाशी झाली. या प्रकरणावर राजदत्त यांनी ‘माफीचा साक्षीदार’ (1986) हा चित्रपट काढला, त्यात नाना पाटेकर होते. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की शहर दारे लावून घेई, असे वडीलधारी माणसे आजही सांगतात. खुनाचा खरा आकार प्रेतांच्या संख्येत मावत नाही. तो त्या बंद दारांत दिसतो. गुन्हेपट काढणाऱ्याने हे दार दाखवले पाहिजे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ने (1983) हेच केले, असे मला वाटते. त्यात मारामारी थोडी आणि फौजदार वेलणकराच्या मनाची घुसमट फार. कोठडीत त्याच्या मारहाणीने एक माणूस मरतो, तेव्हा तो मृत्यू चित्रपट विसरत नाही आणि आपणही विसरत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे. आमच्याकडे आलेल्या त्या मंडळींना पैसा कमी पडला, हे खरेच. पण चार दिवस ती आमच्या काठावर राहिली आणि काठावरच्या एकाही माणसाला त्यांनी काही विचारले नाही. होडी घेतली, होडीवाल्याला मात्र दारूडा करून टाकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. समीक्षा हा शब्द मी येथे येऊन शिकलो. परंतु त्या चित्रपटाची खरी समीक्षा सातवीपर्यंत शिकलेल्या तात्यांनी एका वाक्यात केली, हे मान्य करताना मला कमीपणा वाटत नाही.

वाचकांपैकी कोणी उद्या हातात कॅमेरा घेईल. आता तो मोबाईलमध्येही असतो. त्याने जरूर खडकवासल्याला यावे. होडीचे भाडे कमी करायला मी तात्यांना सांगेन. फक्त प्रेत पाण्यात टाकण्यापूर्वी काठावर कोण उभे आहे, ते ठरवून यावे.