दाताची टोपी कशाची असावी?

आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असे वर्गात विचारले की बहुतेक हात ‘हाड’ हे उत्तर घेऊन वर होतात. ते उत्तर चुकीचे आहे. तो मान दातावरील पांढऱ्या आवरणाचा, म्हणजे दंतवल्काचा होय. त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. परंतु हाडाजवळ असलेला एक गुण त्याच्याजवळ नाही. मोडलेले हाड सांधते. दंतवल्क मात्र एकदा गेले की पुन्हा येत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्याच्या सुमारासच नाहीशा होतात. एवढे ध्यानात ठेवून पुढील हकीकत वाचावी.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या खालच्या एका दाढेचे रूट कॅनाल करावे लागले. किडीने पोखरलेली आणि आतून कोरलेली अशी दाढ चावताना उभी चिरण्याचा संभव असतो. म्हणून तिला चोहोबाजूंनी झाकणारी टोपी बसवितात. दंतवैद्य तिला ‘क्राऊन’ म्हणतात, आपण घरी ‘कॅप’ म्हणतो. त्या दवाखान्यात आमच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. त्यावर चार पदार्थांची नावे आणि समोर चार किमती होत्या. मी कला शाखेचा पदवीधर. नावांचा अर्थ लागेना, विचारण्याचा संकोच वाटला, आणि बाजारात अनोळखी माल घेताना आपण जे करतो तेच मी केले: मधली किंमत निवडली. ती टोपी आत धातूची व वरून पोर्सेलिनची, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या लेपाची होती. दोन वर्षे बरी गेली. मग जत्रेतील खाजे खाताना तिचा एक टवका उडाला आणि आतला काळसर धातू दिसू लागला.

या वेळी आम्ही ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्यांनी किमतीचा कागद काढला नाही. त्या आईला म्हणाल्या, “मावशी, टोपी कशाची करायची हे मागाहून पाहू. तिच्यासाठी जागा किती आहे ते आधी पाहू या.”

गोष्ट साधी आहे, पण मला ती सुचली नव्हती. टोपीला जाडी असते. ती दातावर चढवायची तर तेवढ्याच जाडीचा दात सर्व बाजूंनी घासून काढावा लागतो. नाही तर तोंड मिटताना टोपीच आधी वरच्या दातावर आपटेल. केवळ धातूची टोपी चावण्याच्या पृष्ठावर एक ते दीड मिलिमीटर जागेत मावते. धातूवर पोर्सेलिन चढवायचे तर सुमारे दोन मिलिमीटर लागतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल; परंतु आईची दाढ मुळातच बुटकी. तिच्यावर दोन थरांना पुरेशी जागा नव्हती, म्हणून वरचा थर पातळ झाला आणि पातळ पोर्सेलिन फुटले. दोष पोर्सेलिनचा नव्हता. ते अस्थानी बसविले गेले होते.

यावरून मला या पदार्थांच्या इतिहासाची गोडी लागली. सोने यांतील सर्वांत जुने. १९०७ साली विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने आपले मूर्तिकार मेणाची प्रतिमा करून धातू ओततात त्याच रीतीने दातांसाठी सोने ओतण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शुद्ध सोने मऊ, म्हणून त्यात तांबे, चांदी, पॅलेडियम असे धातू मिसळतात. हे मिश्रण पातळ असूनही टिकते, कडेला घट्ट बसते आणि समोरच्या दाताला फारसे झिजवीत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितल्यावर आई म्हणाली, “बरे झाले! मग मरताना तोंडात सोने घालायला तुम्हांला शोधाशोध नको.” तथापि सोन्याचा आजचा भाव पाहता तो विचार तेथेच थांबला.

संपूर्ण पोर्सेलिनची टोपी विसाव्या शतकाच्या आरंभी डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी प्रचारात आणली. (मौज अशी की, १९२७ साली एकट्याने न थांबता अटलांटिक महासागर विमानाने ओलांडणारा लिंडबर्ग हा यांच्याच मुलीचा मुलगा.) ती दिसे सुंदर, परंतु ठिसूळ. मग पोर्सेलिन धातूवर भाजून चिकटविण्याचे प्रयत्न झाले. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, हे तुम्ही ऐकले असेल. तापलेली वस्तू सर्वत्र सारखी आकुंचन पावली नाही की असे होते. धातू आणि पोर्सेलिन निवताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसत, आणि लेप तडकत असे. दोहोंचे प्रमाण जुळविणाऱ्या मिश्रणांची पेटंटे १९६२ साली अमेरिकेत वाइनस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाली. जागा पुरेशी असेल तर हीच टोपी पुष्कळ वर्षे उत्तम काम देते.

आता आईपुढे दोन मार्ग उरले. पहिला, केवळ धातूच्या स्वस्त टोपीचा. दाढ मागची, कोणाला दिसणार नाही. परंतु डॉक्टरीणबाईंनी मध्येच विचारले, “मावशी, खोटी कुडी घातली तर कान चिघळतात का?” आईने कित्येक वर्षांपूर्वीच खोटे दागिने टाकून दिले होते ते याच कारणासाठी. असे कान बहुधा निकेलमुळे चिघळतात, आणि स्वस्त टोप्यांच्या धातूत पुष्कळदा निकेल असते. पहिल्या टोपीत कोणता धातू होता? आमच्याजवळ त्याची नोंदच नव्हती.

दुसरा मार्ग झिर्कोनियाचा. १७८९ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ श्रीलंकेतील झिर्कॉन खड्यात सापडला. केरळात चवरा येथील किनाऱ्याच्या वाळूतूनही झिर्कॉन वेगळा काढतात. टोपीसाठी झिर्कोनियाची वडी खडूसारखी ठिसूळ असतानाच यंत्राने कोरतात, आणि तीही मापापेक्षा मोठी. कारण सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर ती सुमारे एकपंचमांश आकसते. कुंभार मडक्याच्या बाबतीत हाच हिशेब मनाशी धरतो. याची ताकद पोर्सेलिनच्या सुमारे दसपट. शिवाय त्यात एक विलक्षण गुण आहे. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलून किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. मात्र झिर्कोनिया एकच नव्हे. पुढच्या दातांसाठी जो अधिक पारदर्शक प्रकार करतात त्यात हा गुण पुष्कळ कमी होतो. म्हणून तेथे बहुधा लिथियम डायसिलिकेट ही काचेच्या जातीची वस्तू पसंत करतात. तिच्यातून प्रकाश खऱ्या दातातून जातो तसा जातो.

मला एक शंका आली आणि या खेपेस मी ती विचारली: इतका कठीण पदार्थ वरच्या खऱ्या दाताला झिजवून टाकणार नाही काय? उत्तर आईनेच अर्धे दिले. ती म्हणाली, “पुता, पाटा कठीण म्हणून वाटण वाटत नाही. टाकी लावलेली असते म्हणून वाटतो. गुळगुळीत झाला की काही वाटत नाही, म्हणूनच टाकीवाला बोलवावा लागतो.” डॉक्टरीणबाईंना हा दृष्टांत इतका आवडला की त्यांनी तो लिहून घेतला. त्यांनी सांगितले की, उत्तम झिलई केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला पोर्सेलिनपेक्षाही कमी झिजवितो. खडबडीत राहिला तर मात्र तो टाकी लावलेला पाटाच.

तुमच्यापैकी कोणाच्या धाकट्या भावंडाच्या दुधाच्या दाढेवर चकचकीत पोलादी टोपी दिसली तर हसू नये. ती दाढ पडेपर्यंतच टिकायची, दातही फार थोडा घासावा लागतो, आणि तेथे तीच योग्य.

आईने झिर्कोनियाची टोपी घेतली. बसविण्याच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी निळा कागद दातांमध्ये धरून तिला चावायला सांगितले. एका ठिकाणी ठिपका गडद उमटला, तेवढा भाग त्यांनी घासला, मग रबराच्या चाकाने बराच वेळ झिलई केली. एका कार्डावर पदार्थाचे नाव, दाढेचा क्रमांक आणि तारीख लिहून त्यांनी ते माझ्या हाती दिले. आई खुर्चीवरून उठली, जीभ दाढेवर फिरवून पाहिली आणि म्हणाली, “टाकी पुसलीस ना, बाय?”