करडांचं वजन आणि वयाचा फरक

गणपतीपुळे परिसरात शेळ्या पाळणाऱ्या घरात दूध तोडताना प्रश्न येतोच, कोणती पाट ठेवायची आणि कोणती विकायची? काट्यावर भारी भरली ती ठेवतात. पण दोघींच्या वयात फरक असेल तर?

समजा, पहिली पाट १०० दिवसांची, वजन ११.२ किलो, जन्मवजन २.२. दुसरी ८० दिवसांची, ९.६ किलो, जन्मवजन २.०. दोन्ही वजनं ९० दिवसांवर आणू. आताच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. (हे शेवटचं मुलं हमखास विसरतात!) पहिलीचं येतं १०.३ किलो, दुसरीचं १०.५५. म्हणजे विकायला काढलेली पाटच जास्त जोमाची निघाली.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या जातींच्या वासरांना हेच गणित २०५ दिवसांवर लावतात. शिवाय आईच्या वयाची दुरुस्ती करतात, कारण पहिल्या वेताच्या गाईला दूध कमी असतं. आपल्या कोकण कन्याळ शेळीला जुळी झाली तर दूध दोघांत वाटलं जातं, म्हणून जुळ्याची तुलना जुळ्याशीच करावी. वयात महिन्याहून जास्त अंतर असेल तर मात्र या आकड्यावर फार विसंबू नका, करडू रोज सारखंच वाढत नाही.