एका इंग्रजी खेड्यांतील रहिवासी व त्यांचे धंदे

इंग्लंड देशाचें नांव निघालें कीं पुष्कळांच्या मनांत गिरण्यांचीं धुराडीं, आगगाड्या व लंडन शहरचे गजबजलेले रस्ते उभे राहतात. पण त्या देशांतही पेंढ्यानें शाकारलेलीं घरें, चिखलाच्या वाटा, लोहाराचा भाता, आणि दुसऱ्याच्या शेतांत राबून आठवड्याच्या मजुरीवर पोट भरणारीं माणसें होतीं, हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. राणी व्हिक्टोरिया १८३७ सालीं गादीवर बसली व १९०१ सालीं मरण पावली. त्या काळच्या एका खेड्यांत आज आम्ही वाचकांस घेऊन जाणार आहों.

ह्या गांवाचें नांव बारफर्ड. वॉरिक शहराच्या दक्षिणेस सुमारें ३ मैलांवर, एव्हन नदीच्या कांठीं तें वसलें आहे. तेथें १८२६ सालीं एका मेंढपाळ मजुराच्या घरीं जोसेफ आर्च नांवाचा मुलगा जन्मला. वृद्धपणीं त्यानें आपली जीवनकथा लिहिली. ती १८९८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत बालपणची एक आठवण आहे, ती प्रथम सांगतों.

प्रभुभोजनाचा दिवस होता. मुलांस त्या वेळीं मंदिरांत राहण्याची मोकळीक नव्हती. सुमारें सात वर्षांच्या जोसेफास आपला बाप आंत काय करतो हें पाहण्याची उत्कंठा लागली, म्हणून त्यानें दाराच्या किल्लीच्या भोंकास डोळा लाविला. प्रथम गांवचा जमीनदार उठून कठड्याजवळ गेला. त्याच्यामागून शेतकरी गेले. ते परतल्यावर दुकानदार, चाकें करणारा सुतार व लोहार हे गेले. सर्वांच्या शेवटीं जाडेभरडे घोळदार डगले घातलेले मजूर उठले. ते एकटेच गेले; त्यांच्या शेजारीं दुसऱ्या कोणीं गुडघे टेकले नाहींत. त्या मजुरांत जोसेफाचा बाप होता. मुलाच्या मनास जी जखम झाली ती जन्मभर भरून आली नाहीं.

त्या रांगेंत सर्व गांव आला. म्हणून आपणही त्याच क्रमानें गांवाची ओळख करून घेऊं.

१. जमीनदार व पाळक

गांवच्या जमीनदारास लोक स्क्वायर म्हणत. गांवची बहुतेक जमीन व पुष्कळशीं घरें त्याच्या मालकीचीं असत. तो स्वतः नांगर धरीत नसे. खंडावर त्याचा संसार चाले. बहुधा तोच न्यायाधीशाच्या जागेवर बसे, आणि अनेक गांवीं पाळक कोण असावा हें ठरविण्याचा हक्कही त्याच्याच घराण्याकडे असे. म्हणजे ज्याच्याकडे दाद मागावयाची तो, ज्याच्या घरांत राहावयाचें तो, आणि ज्यानें उपदेशक निवडला तो, हे तिघेही एकच!

इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या पाळकास शेतीच्या उत्पन्नाचा दशमांश मिळे. पूर्वीं तो धान्य, लोंकर, कोंकरें अशा रूपांत घेतला जाई. १८३६ च्या कायद्यानें त्याऐवजीं धान्याच्या भावावर ठरणारी रोख रक्कम घेण्याचें ठरलें. पाळकाच्या घरून हिंवाळ्यांत गरिबांस सूप, कोळसे व कांबळीं वांटीत. हें दान खरेंच उपयोगीं पडे. परंतु पाळकाची मर्जी गेली तर दान आटेल, ही भीतीही त्याबरोबर घरांत शिरे.

२. शेतकरी

आपल्याकडे शेतकरी म्हटला म्हणजे स्वतःच्या तुकड्यावर राबणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. तेथील शेतकरी तसा नव्हता. तो जमीनदारापासून मोठें शेत खंडानें घेई व मजूर लावून पिकवी. १८५१ सालच्या खानेसुमारींत शेतकऱ्यानें आपली जमीन किती एकर व कामावर माणसें किती, हेंही लिहावयाचें होतें. पहिल्या वर्षीं गहूं, दुसऱ्या वर्षीं सलगम, तिसऱ्या वर्षीं बार्ली व चौथ्या वर्षीं क्लोव्हर नांवाचें गवत, अशी पिकांची पाळी पुष्कळ ठिकाणीं चाले. सलगमांच्या शेतांतच मेंढ्या बसवीत. त्या खात व जमिनीस खत देत.

गड्यांची नेमणूक शरदऋतूंतील जत्रेंत होई. वॉरिकशायरांत तिला मॉप म्हणत. गाडीवान आपल्या टोपीस चाबकाच्या दोरीचा तुकडा लावी, मेंढपाळ लोंकरीची बट लावी, म्हणजे कोणास कोणतें काम येतें हें मालकास दिसे. सौदा ठरला कीं हातावर एक शिलिंग ठेवीत, आणि गडी वर्षभर बांधला जाई.

३. कारागीर व दुकानदार

गांवाचा खरा जीव ह्या लोकांत होता असें म्हटलें तरी चालेल. लोहार घोड्यांस नाल ठोकी, फाळ शेवटी, फाटकांच्या बिजागऱ्या घडवी. सगळी शेती घोड्यांवर चालत असल्यानें त्याची भट्टी क्वचितच थंड असे. त्याचा जोडीदार म्हणजे चाकें करणारा सुतार. चाकाचा तुंबा तो एल्म झाडाच्या लांकडाचा करी, कारण तें सहसा चिरत नाहीं. आरे ओकच्या लांकडाचे, कारण तें भार सोसतें. आणि घेराचे तुकडे अ‍ॅशच्या लांकडाचे, कारण त्यास लवचिकपणा असतो. मग लोहार लोखंडी धाव तापवून लाल करी. ती चाकावर बसवून वर पाणी ओतलें कीं धाव आकसे व सर्व सांधे घट्ट होत. येथें दोन धंद्यांवांचून एक चाक होत नसे.

ह्यांशिवाय पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या बळावर चालणाऱ्या चक्कीचा मालक, भटारी, खोगीर व घोड्यांचें सामान शिवणारा, तळास खिळे मारलेले जड बूट करणारा चांभार, व छपरें शाकारणारा असे. गांवचा सुतार टेबलें, दारें करी आणि शवपेट्याही करी. पुष्कळ ठिकाणीं मूठमातीची व्यवस्थाही त्याच्याकडेच असे. गुत्तेवाला बिअर विकी, आणि वाहतूक करणारा आपली झांकलेली गाडी घेऊन बाजाराच्या दिवशीं शहरास जाई व लोकांचीं ओझीं आणी. किराणा दुकानांत चहा, साखर व मेणबत्त्या उधारीवर मिळत. उधारीची वही किती जाड झाली, ह्यावरून दुकानदारास प्रत्येक घरची स्थिति कळे.

४. मजूर

गांवांत संख्येनें सर्वांत अधिक हेच होते. १८४१ पासूनच्या खानेसुमारीच्या वह्यांत घरोघरच्या माणसांचीं नांवें, वयें व धंदे लिहिलेले आहेत. शेतमजूर हे शब्द इतक्या वेळां लिहावे लागत कीं लिहिणाराने ते तोडून अर्धेच लिहिले आहेत. त्या अर्ध्या शब्दाआड नांगऱ्या होता, गाडीवान होता, मेंढपाळ होता, गवळी होता. ओळींत नांगरणें, कोंकरूं अडलें असतां रात्रीं कंदील घेऊन तें सोडविणें, गंजी अशी रचणें कीं पावसाचा थेंब आंत जाऊं नये, ह्यांपैकीं कोणतेंही काम न शिकतां येत नाहीं. तथापि त्यांस कोणी कारागीर म्हणत नसे.

१८५०-५१ सालीं जेम्स केर्ड ह्या गृहस्थानें देशभर फिरून शेतीची पाहणी केली. त्याच्या हिशेबानें मजुराची आठवड्याची सरासरी मजुरी उत्तरेकडील परगण्यांत ११ शिलिंग ६ पेन्स, तर दक्षिणेकडे अवघी ८ शिलिंग ५ पेन्स होती. १२ पेन्सांचा १ शिलिंग व २० शिलिंगांचा १ पौंड होई. उत्तरेस अधिक कां? कारण तेथें गिरण्या व खाणी जवळ होत्या. मालकानें कमी दिलें तर मजूर तिकडे जाई. दक्षिणेस जावयास ठिकाणच नव्हतें.

शिवाय पुष्कळांचें घर मालकाचें असे. काम सुटलें कीं घरही सुटे. म्हातारपण किंवा आजार आला तर १८३४ च्या कायद्याप्रमाणें उभारलेल्या दरिद्रगृहाचें दार उघडें होतें. परंतु तेथें नवरा एका बाजूस, बायको दुसऱ्या बाजूस व मुलें तिसऱ्या बाजूस ठेवीत. म्हणून अर्धपोटीं राहूनही लोक त्या दारापासून दूर राहत.

५. बायका व मुलें

खानेसुमारीच्या वहींत बायकांच्या नांवापुढील धंद्याची जागा पुष्कळदां रिकामी दिसते. परंतु ती बाई रिकामी होती असें कोणीं समजूं नये. ती कापणीस जाई, दगड वेंची, दुसऱ्यांचीं लुगडींकापडें नव्हे, तर चादरी व सदरे धुई. जोसेफाची आईही धुण्याचें काम करीत असे. बेडफर्डशायरांत बायकामुलें टोप्यांसाठीं गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणीत, बकिंगहॅमशायरांत उशीवर लेस विणीत. कापणी झाल्यावर बायका मुलें घेऊन शेतांत सरवा वेंचण्यास जात. बवाजाच्या शेतांत रूथेनें केलें तेंच हें. कित्येक गांवीं सकाळीं मंदिराची घंटा वाजल्याशिवाय कोणी शेतांत शिरत नसे, म्हणजे अशक्त व सशक्त ह्यांस सारखी संधि मिळे.

मुलगा कमावूं लागला कीं शाळा सुटे. जोसेफ तीन वर्षें शाळेंत गेला. नवव्या वर्षीं तो पांखरें हांकण्याच्या कामास लागला. दिवसाचे बारा तास, मजुरी ४ पेन्स. १८६७ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मुलांस शेतमजुरांच्या टोळ्यांत घेण्याची मनाई झाली. १८७० च्या कायद्यानें गांवोगांव शाळांची तरतूद झाली. १८८० पासून दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली.

६. चेस्टनटच्या झाडाखालीं

आतां जोसेफाकडे वळूं. त्याच्या आजोबांनीं विकत घेतलेलें एक लहान घर कुटुंबाच्या मालकीचें होतें. ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तिनेंच पुढील सर्व शक्य केलें. कारण त्यास कोणी घराबाहेर काढूं शकत नव्हतें. दुसरी गोष्ट म्हणजे हातांतील कसब. कांटेरी झुडुपांच्या फांद्या अर्धवट छेदून, वांकवून, एकमेकींत गुंतवून जिवंत कुंपण करण्याच्या कामांत त्याचा हात धरणारा नव्हता. त्या कामासाठीं तो परगण्यांपरगण्यांतून फिरला व मजुरांची स्थिति त्यानें डोळ्यांनीं पाहिली. तिसरी गोष्ट, तो प्रिमिटिव्ह मेथडिस्ट मंडळींत उपदेशक झाला. आठवडाभर मजुरी व आदितवारीं उपदेश! चारचौघांपुढें उभें राहून बोलावें कसें, सभा चालवावी कशी, हें त्या पंथाच्या अनेक मजुरांस आपल्या लहानशा प्रार्थनामंदिरांतच शिकावयास मिळालें.

१८७२ च्या फेब्रुवारींत जवळच्या वेल्सबर्न गांवचे मजूर त्यास बोलवावयास आले. ७ तारखेच्या संध्याकाळीं तो गेला. थोडीं माणसें येतील अशी अपेक्षा होती. पण झाडाखालीं शेंकड्यांनीं मजूर उभे होते. घेवड्याच्या वेलांच्या काठ्यांवर कंदील टांगलेले होते. डुकरें मारण्याच्या एका स्टुलावर उभा राहून तो बोलला. त्या भागांत मजुरी बारा शिलिंगांच्या आंतबाहेर होती. मजुरांनीं १६ शिलिंग मागितले. त्याच वर्षीं मे महिन्यांत राष्ट्रीय शेतमजूर संघ स्थापन झाला. दोन वर्षांत त्याचे ८६,००० सभासद झाले व पुष्कळ परगण्यांत मजुरी वाढली.

सर्व कांहीं सुरळीत झालें असें मात्र नाहीं. १८७४ सालीं पूर्वेकडील शेतकऱ्यांनीं संघाच्या मजुरांस कामावरून दूर केलें. संघाचा पैसा आटला व बळ ओसरलें. १८७९ च्या ओल्या हंगामानें पीक बुडालें, अमेरिकेचा स्वस्त गहूं आला, आणि हजारों कुटुंबें देश सोडून गेलीं. तरीही पेरलेलें वायां गेलें नाहीं. १८८४ च्या कायद्यानें खेड्यांतील मजूर घरधन्यांस मताचा हक्क मिळाला, आणि १८८५ सालीं पांखरें हांकणारा तो मुलगा पार्लमेंटांत बसला. १८९४ च्या कायद्यानें खेड्यांस निवडलेल्या सभा मिळाल्या. तेथें मजुरासही लोहाराशेजारीं बसतां येऊं लागलें. जोसेफ आर्च १९१९ सालीं बारफर्ड येथेंच वारला.

पाळकवर्ग सगळाच उदासीन होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. डेव्हन परगण्यांतील हाल्बर्टनचे पाळक एडवर्ड गर्डल्स्टन ह्यांनीं १८६६ पासून शेंकडों मजूर कुटुंबांस अधिक मजुरीच्या परगण्यांत पोंचविण्यास साह्य केलें, व त्यामुळें शेजाऱ्यांचा रोष सोसला.

७. आपणांस काय शिकावयाचें

गांवांत धंदे निरनिराळे असणें हा दोष नव्हे. आऱ्यांवांचून तुंबा नाहीं व धावेवांचून चाक नाहीं. दोष तेथें होता, जेथें धंद्याचा क्रम प्रभूच्या मेजापर्यंत नेला गेला. करिंथ येथील मंडळींत श्रीमंत पुढें होऊन जेवत व गरीब उपाशी राहत, म्हणून पौलास कठोर शब्द लिहावे लागले. सोन्याची अंगठी घातलेल्यास पुढची जागा देणाऱ्यांस याकोबानेंही दोष दिला आहे. बारफर्डच्या मंदिरांत हीं पत्रें वाचलीं जात होतींच. वाचणें व ऐकणें पुरेसें झालें नाहीं. आणि दाराच्या भोंकांतून कोण पाहत आहे, हें आंतील कोणासही ठाऊक नव्हतें. आपल्या उपासनेच्या वेळींही कोणी लहान मूल दाराशीं उभें असेल. तें काय पाहून घरीं जाईल, ह्याचा विचार प्रत्येक मंडळीनें करावा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. बारफर्डच्या मंदिरांत लोक कोणत्या क्रमानें उठले? तो क्रम कोणीं ठरविला असावा?
२. एका चाकासाठीं किती प्रकारचें लांकूड व किती कारागीर लागत? ह्यावरून मंडळीविषयीं काय शिकतां येईल?
३. उत्तरेकडील मजुरास अधिक मजुरी कां मिळे?
४. स्वतःचें घर, हातांतील कसब व उपदेशाचा सराव ह्यांपैकीं प्रत्येकाचा जोसेफ आर्च ह्यास काय उपयोग झाला?
५. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय व पांचव्या अध्यायांतील चौथें वचन वाचा. आपल्या मंडळींत शेवटीं कोण उठतो, व कां?