घर सोडून निघालेला भिक्षू आणि चीनच्या तीन शिकवणी

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पालकांची एकच विचारणा सुरू होते. मुलाला इथेच लोधीखेड्यात ठेवावे, सौंसरला पाठवावे, की नागपूरला खोली घेऊन द्यावी? मुलांच्या मनात मात्र बहुतेक वेळा निर्णय झालेला असतो. अशाच दिवसांत नववीच्या वाचनाच्या तासाला आम्ही ह्युएन त्सांगची गोष्ट घेतली होती. (हिंदीच्या पुस्तकात त्याचे नाव ह्वेनसांग असे छापलेले असते. माणूस तोच.) देशाबाहेर जाण्यास बंदी असताना तो चीनमधून गुपचूप निघाला आणि सोळा-सतरा वर्षांनी परतला, हे ऐकून मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, त्याच्या घरी कोणी म्हातारं नव्हतं का?" तेवढ्यात घंटा झाली. उत्तर राहून गेले, म्हणून हा लेख.

मुलीचा प्रश्न साधा वाटतो. पण हाच प्रश्न चीनमधील विद्वान बौद्ध भिक्षूंना कित्येक शतके विचारत आले होते. तो समजण्यासाठी आधी कन्फ्यूशियसकडे जावे लागेल.

कन्फ्यूशियसचा काळ इ. स. पूर्व ५५१ ते ४७९, म्हणजे साधारण आपल्या भगवान बुद्धांच्याच सुमाराचा. तो देव नव्हता, अवतार नव्हता आणि स्वतःला तसा म्हणवूनही घेत नव्हता. तो शिक्षक होता. राज्ये एकमेकांशी भांडत होती, जुन्या रीती मोडत होत्या, आणि अशा काळात माणूस चांगला कसा होईल, एवढाच त्याचा विषय. त्याच्या शिकवणीतील तीन शब्द ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. पहिला 'रन', म्हणजे माणुसकी. चिनी लिपीत हा शब्द 'माणूस' आणि 'दोन' या चिन्हांनी मिळून लिहितात. एकट्या माणसाला माणुसकी नसते, ती दोघांमध्ये असते, असा अर्थ त्यातून लोक काढतात. दुसरा 'ली', म्हणजे रीत. यात देवाधर्माचे विधी आले, तसे पाहुण्याला पाणी देणे, वडीलधारे आले की उठून उभे राहणे हेही आले. तिसरा 'शिआव', म्हणजे आईवडिलांविषयीची भक्ती. या चिन्हात वर म्हातारा माणूस आणि खाली मूल आहे. आपल्याला श्रावणबाळाची कावड आठवल्याशिवाय राहत नाही. आणि पुंडलिक तर आपल्या घरचाच. आईवडिलांची सेवा चालू आहे म्हणून त्याने प्रत्यक्ष विठ्ठलाला विटेवर थांबवून ठेवले. कन्फ्यूशियसला ही कथा ऐकवली असती तर त्याला ती फार आवडली असती, असे आम्हाला वाटते.

या शिकवणीत अवघड जागाही आहेत, आणि त्या मुलांपासून लपवू नयेत. कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसंग आहे. एक सरदार अभिमानाने सांगतो की आमच्याकडे इतके सरळ लोक आहेत की बापाने मेंढी चोरली तर मुलगा त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. कन्फ्यूशियस उत्तर देतो की आमच्याकडचा सरळपणा वेगळा. तिथे बाप मुलाचे झाकतो आणि मुलगा बापाचे. आम्ही वर्गात मेंढीच्या जागी संत्र्यांची पेटी ठेवली आणि मत घेतले. वर्ग दुभंगला. एक मुलगा म्हणाला, सांगायचे नाही, पण पेटी रात्रीतून परत नेऊन ठेवायची. त्याने कन्फ्यूशियस वाचलेला नव्हता. पण बाप चुकत असेल तर मुलाने नम्रपणे त्याला अडवले पाहिजे, असे याच परंपरेचे ग्रंथही सांगतात. तेव्हा मुलगा फार दूर गेला नव्हता.

कन्फ्यूशियसच्या वाटेवर पहिला हसला तो ताओ पंथ. लाओत्से हा त्याचा आद्य पुरुष मानतात. तो नेमका कधी होऊन गेला, एक माणूस होता की अनेकांच्या वचनांना दिलेले एक नाव, यावर विद्वानांचा वाद आहे. त्याच्या नावाच्या छोट्या ग्रंथाचा रोख असा, की जिथे घरात प्रेम आटते तिथेच पितृभक्तीची भाषणे सुरू होतात. पाणी जसे खालच्या जागी जाते, कोणाशी झगडत नाही आणि तरी दगड झिजवते, तसे जगावे. पुढे च्वांगत्से नावाच्या लेखकाने हाच विचार गोष्टींतून सांगितला. त्याच्या एका गोष्टीत एक वेडेवाकडे झाड आहे. त्याची फळी निघत नाही, खांब होत नाही, म्हणून सुतार त्याला हात लावत नाहीत आणि ते मोठे होत राहते. सगळ्या पोरांना एकाच मापाच्या फळ्या करायला निघालेल्या आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट वर्षातून एकदा तरी वाचावी. अर्थात कोणी गृहपाठ न करण्यासाठी लाओत्सेचा दाखला देऊ नये. 'काही न करणे' या त्याच्या शब्दाचा अर्थ आळस नसून ओढाताण न करणे असा आहे.

बौद्ध धम्म चीनमध्ये पोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. आणि लगेच अडचण उभी राहिली. भिक्षू डोके मुंडवतो. पण शरीर आणि केस ही आईवडिलांची देणगी, तिला इजा करू नये असे कन्फ्यूशियसपंथी मानत. भिक्षू लग्न करत नाही. मग पितरांची पूजा कोण करणार? भिक्षू राजापुढे वाकत नाही. मग राज्य कसे चालणार? घर सोडणे या एका गोष्टीवर सगळे येऊन अडत होते. इ. स. ४०४ मध्ये हुइयुआन नावाच्या भिक्षूने या विषयावर निबंधच लिहिला. त्याचे म्हणणे असे, की घरात राहणाऱ्या बौद्ध उपासकाने आईबापांचा आणि राजाचा मान ठेवलाच पाहिजे. पण ज्याने घर सोडले, त्याने ते सर्वांच्या हितासाठी सोडले आहे. हा हुइयुआन स्वतः कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांतील सुतकाच्या नियमांवर व्याख्याने देत असे. बौद्धांकडे आणखी एक आधार होता. पाली वाङ्मयात सिगालोवाद नावाचे सुत्त आहे. त्यात पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण दिशा म्हणजे गुरू असे सांगून मुलांची आईवडिलांविषयीची पाच कर्तव्ये आणि आईवडिलांची मुलांविषयीची पाच कर्तव्ये दिली आहेत. या उपदेशाची चिनी भाषांतरे एकदा नव्हे, अनेकदा झाली. पालकांनी ती दुसरी पाच आवर्जून पाहावीत.

आता ह्युएन त्सांगकडे वळू. त्याचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास, आजच्या हनान प्रांतात. घराणे कन्फ्यूशियसच्या विद्येचे. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात बालपणीचा एक प्रसंग आहे. आठ वर्षांच्या या मुलाला वडील पितृभक्तीचा ग्रंथ शिकवीत होते. गुरूचे बोलणे ऐकताच शिष्य आसनावरून उठला, हे वाक्य आले, तेव्हा हा मुलगा कपडे सावरून एकदम उभा राहिला. वडिलांनी कारण विचारले. तो म्हणाला की गुरूसाठी तो शिष्य उठला, तर वडील शिकवीत असताना मी बसून कसा ऐकू? असा मुलगा तेराव्या वर्षी बौद्ध मठात दाखल झाला. मोठा भाऊ आधीच भिक्षू होता. आणि इ. स. ६२९ च्या सुमारास, मूळ बौद्ध ग्रंथ शोधण्यासाठी तो वाळवंट ओलांडून भारताकडे निघाला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तो महाराष्ट्रात येऊन गेला, साधारण ६४१ साली, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्षू इथे असल्याचे त्याने नोंदवले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले ते अजिंठ्याचेच असावे असे मानतात. इथल्या लोकांविषयी तो लिहितो की ते सरळ आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी कळवतात. उपकार, अपमान, आधी कळवण्याची रीत! भिक्षूच्या चिवरात असलेला हा माणूस आपल्या पूर्वजांकडे कन्फ्यूशियसच्या शाळेतल्या नजरेने पाहत होता, असे आम्हाला हे वर्णन वाचताना वाटते.

६४५ मध्ये तो परतला. सम्राट ताइत्सुंगने त्याला चिवर उतरवून राज्यकारभारात येण्याचा आग्रह केला. त्याने नकार दिला आणि भाषांतराला बसला. ६४७ मध्ये त्याच्यावर उलटेच काम आले. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या राजाला लाओत्सेचा ग्रंथ हवा होता. तो संस्कृतात करायचा होता. राजघराणे तर स्वतःला लाओत्सेचे वंशज म्हणवीत असे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ताओ पंथाचे पंडित आणि ह्युएन त्सांग एकत्र बसले, आणि पहिल्याच शब्दावर अडले. 'ताओ' याला संस्कृत शब्द कोणता? पंडित म्हणाले, 'बोधी'. म्हणजे लाओत्से आणि बुद्ध एकच बोलले असे ठरेल. ह्युएन त्सांग म्हणाला, नाही, 'मार्ग'. बोधी म्हणजे जागे होणे. ताओ म्हणजे वाट. पंडित लाओत्सेचा अर्थ लावायला बौद्ध ग्रंथांतले शब्द घेऊ लागले, तेही त्याने मान्य केले नाही. शेवटी 'मार्ग' हाच शब्द राहिला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही.

सगळे धर्म एकच सांगतात, असे आपण स्नेहसंमेलनाच्या भाषणात सहज बोलून जातो. ह्युएन त्सांगने ते म्हटले नाही. ज्याचे जे आहे ते त्याचे त्याला नीट द्यावे, एवढा आदर त्याने लाओत्सेलाही दाखवला, असे आम्हाला वाटते.

पुढे या तिघांचे संबंध कधी जुळले, कधी तुटले. ८१९ मध्ये हान यू या विद्वान अधिकाऱ्याने बुद्धाच्या अस्थीची राजवाड्यात पूजा करण्यास विरोध केला आणि त्याला दूर दक्षिणेत धाडण्यात आले. ८४५ मध्ये वारे फिरले. सरकारी हिशेबानुसार ४,६०० हून अधिक विहार पाडले गेले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवले. तरी आतून देवघेव चालूच होती. आपला 'ध्यान' हा शब्द चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. बाराव्या शतकातील चू शी याने बौद्धांवर टीका केली, पण शांत बसून मन स्थिर करण्याचा अभ्यास शिष्यांना सांगितला. त्यानेच निवडलेले कन्फ्यूशियसपंथी चार ग्रंथ पुढे १९०५ पर्यंत चीनच्या सरकारी परीक्षांना लागत.

घर सोडण्याचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गेले, गुरूंनी परत पाठवले, आणि त्याची शिक्षा चार लेकरांना भोगावी लागली, ही कथा घरोघर माहीत आहे. त्यापेक्षा जवळचे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळचा १८७६ चा जन्म. मुलांच्या 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि १८९९ मध्ये, घरी पत्नी आणि लहान मुलगी असताना, बौद्ध धर्माच्या शोधात ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. बौद्ध वाङ्मय मराठीत आले त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण सात वर्षे त्यांच्या पत्नीने कशी काढली, हेही विचारले पाहिजे. ते परतले, पत्नीला बरोबर घेऊन गेले, पुन्हा संसार केला. आपली ही वाटचाल त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचा देहान्त झाला. सेवाग्राम आपल्याला दूर नाही. सहलीच्या यादीत ते नाव असावे, ही विश्वस्त मंडळाला विनंती.

आता त्या मुलीचे उत्तर. ६५७ मध्ये सम्राटाबरोबर ह्युएन त्सांग लोयांगला गेला, तेव्हा त्याला जन्मगावी जाता आले. तो पंचावन्न वर्षांचा होता. घरची सगळी माणसे गेलेली. शोध केल्यावर एक बहीण तेवढी हयात निघाली. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. तिला बोलावून घेतले, दोघे रडली. आईवडिलांची थडगी कुठे आहेत हे तिला विचारून त्याने ती शोधली. मधल्या वर्षांत लढाया झालेल्या, जागा पडीक झालेली. नव्या जागी नीट दफन करता यावे म्हणून त्याने सम्राटाकडे रजेचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला, खर्चही सरकारातून मिळाला. घर सोडलेल्या त्या भिक्षूने आईवडिलांचे ते कार्य केले, तेव्हा लोयांगच्या परिसरातून दहा हजारांवर माणसे आली होती असे चरित्रकार लिहितो. त्यानंतर तो पुन्हा भाषांतराला बसला आणि ६६४ मध्ये वारला, तोपर्यंत ते चालूच होते.