दिवसभर घर रिकामं, पिल्लू एकटं

प्रश्न : आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो. दोघेही नोकरीला, सकाळी साडेआठला निघून रात्री आठला परततो. अडीच महिन्यांचं देशी पिल्लू आणलंय. ते दिवसभर रडतं, घरभर शू करतं. काय करावं?

उत्तर : पिल्लाचा यात काहीही दोष नाही. या वयात ते जेमतेम तीन तास लघवी रोखू शकतं. साडेअकरा तासांची अपेक्षा हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिले काही महिने दुपारी कुणीतरी यायलाच हवं : शेजारच्या आजी, विश्वासातल्या मावशी किंवा पगारी माणूस. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं, तेही त्यातून साधेल.

एकटं राहणं शिकवावं लागतं. सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटं बाहेर जा, परत या. मग वेळ हळूहळू वाढवा.

लसींचं वेळापत्रक अजिबात चुकवू नका. पार्व्हो हा विषाणूजन्य आजार पिल्लांना काही दिवसांत नेतो. डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर रस्त्यावर उतरवू नका, पण कडेवर घेऊन रिक्षांचे आवाज, माणसं जरूर दाखवा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस घ्याच; तो आजार साचलेल्या पाण्यातून होतो, म्हणून साचलेल्या पावसाच्या पाण्यातून नेऊ नका. मोठं झाल्यावरही तुमच्याजवळच्या आरे कॉलनीत अंधारात फिरवू नका; तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य.

दुपारचा माणूस मिळतच नसेल, तर पिल्लू भरल्या घरात द्या आणि तुम्ही मोठ्या वयाचा, शांत कुत्रा दत्तक घ्या.